खुणेचे आकडे

बुवांना बुवा हे नाव पडलं ते यंत्रामुळे. त्याआधी अठरा वर्षं औषधांच्या त्या गोदामात ते नुसत्या आडनावाने ओळखले जायचे, आणि त्या आडनावाची आणखी चार माणसं तिथे होती. मग एक दिवस हातातल्या याद्या गेल्या आणि कानाला हेडफोन लागले. कागदावर बघून खोकी काढायची आणि पेन्सिलीने खूण करायची हे बंद. आता कानात एक बाई बोलायची. दिसायची नाही, दमायची नाही, चहाला जायची नाही. सगळे तिला कानातली बाई म्हणत.

बाई म्हणायची, "गल्ली चार, खण सतरा." तिथवर ट्रॉली ढकलत जायचं. प्रत्येक खणाच्या कडेला एक लेबल, त्यावर दोन आकडे. ते खुणेचे आकडे. ते मोठ्याने वाचायचे, म्हणजे माणूस बरोबर खणासमोर उभा आहे अशी बाईची खात्री पटायची. मग ती म्हणायची, "तीन घ्या." तीन नग ट्रॉलीत टाकून "तीन" म्हणायचं, की पुढची गल्ली. हात मोकळे, डोळे मोकळे, तोंड आणि कान तेवढे आठ तास जुंपलेले.

मात्र बाईला ज्याचा त्याचा आवाज आधी शिकवावा लागे. शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे आणि 'तयार', 'थांब', 'पुन्हा सांग', 'कमी आहे' असे वीसेक शब्द, पाच-पाच वेळा. बुवांची पाळी आली त्या दिवशी त्यांचा घसा पार बसला होता. सरळ बोलायला गेलं की आवाज फाटायचा, म्हणून त्यांनी प्रत्येक आकडा जरा लांबवून, वर उचलून, सुरात म्हटला. बाई तेच शिकली. चार दिवसांनी घसा सुटला, पण सरळ बोललं की बाई म्हणे, "समजलं नाही, पुन्हा सांगा." नव्याने शिकवायचं तर अर्धी पाळी मोडणार, आणि तेवढी सवड कोणी देईना. मग बुवा सुरातच राहिले ते कायमचे. "साऽत दोऽन. तीऽन. तयाऽर."

लंबूने पहिल्या आठवड्यातच नाव ठेवलं. लंबू म्हणजे वरच्या फळ्यांवर माल भरणारा, साडेसहा फुटी, तोंडाने त्याहून लांब.

"बुवा, साथीला कोणी हवं असेल तर सांगा," तो शिडीवरून म्हणायचा. "आवाज भसाडा आहे, पण हौस दांडगी आहे."

"आधी सुरात शिडी चढ," बुवा म्हणायचे. "मग बघू."

ते हसणं सुरुवातीचं. पुढे कोणाला हसायचंही उरलं नाही. भिंतीवरच्या पाटीवर प्रत्येकाचा तासाचा वेग लाल-हिरव्या आकड्यांत दिसू लागला, आणि माणसं मान खाली घालून पळू लागली. सहा ते दोनची पाळी संपवून लोक घरी जात तेव्हा बोलून बोलून त्यांचे जबडे दुखत. घरी कोणी काही विचारलं तर नुसती मान हलवत.

आता खुणेच्या आकड्यांबद्दल एक नियम होता. दर तीन महिन्यांनी सगळी लेबलं बदलायची. का, तर माणसाला आकडे पाठ होऊ नयेत. पाठ झाले की तो वाचत नाही, नुसता म्हणतो. नियम शहाणपणाचा होता. पण लेबलं बदलणारी बाई दुसऱ्या शाखेत गेली, तिच्या जागी कोणी आलं नाही, आणि आज बदलू, उद्या बदलू करता करता चौदा महिने गेले. चौदा महिने रोज तेच म्हटलं तर भिंतीलासुद्धा पाठ होईल.

सगळ्यांना आपापल्या रोजच्या गल्ल्या तोंडपाठ झाल्या होत्या. बुवांना बाराच्या बारा गल्ल्या, नऊशे साठ खण. लंबू शिडीवरून अचानक ओरडायचा, "बुवा, पाच-अकरा?" आणि बुवा ट्रॉली न थांबवता म्हणायचे, "सात चार." लंबू लेबल बघायचा आणि हात जोडायचा.

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी माणसाचं काय काय जातं ते ज्याचं त्याला ठाऊक. बुवांचा उजवा गुडघा गेला होता, जवळचं दिसणं निम्मं गेलं होतं, वेगाच्या पाटीवर त्यांचं नाव लालाच्या कडेला लोंबकळत होतं. त्यात हे एवढं एक त्यांच्याजवळ होतं. आणि त्याचा उपयोगही होता. खालच्या खणाचं लेबल वाचायचं तर आधी वाकायचं, चष्मा सावरायचा, वाचायचं. पाठ असलं की चालता चालताच आकडे म्हणून टाकता येत, बाई तोवर किती घ्यायचे ते सांगून मोकळी होई, आणि गुडघ्याला एकदाच त्रास. प्रत्येक खणामागे चार-पाच सेकंद वाचत. त्या सेकंदांवर बुवा हिरव्यात होते.

तो दिवस सुट्टीविना सलग सहावा होता. दोघं रजेवर, म्हणून उरलेल्यांवर त्यांच्याही ऑर्डरी. सकाळपासून बुवांनी किती खण केले ते यंत्राला ठाऊक, त्यांना नाही. पाय चालत होते, तोंड चालत होतं. मन कुठे होतं म्हणाल तर कुठेच नव्हतं. दमलेल्या माणसाचं मन भरकटतसुद्धा नाही, ते नुसतं बसकण मारतं. दोनला त्यांनी हेडफोन खुंटीला टांगला, बस पकडली, खिडकीला डोकं टेकवून पाऊण तास डुलक्या काढल्या आणि पावणेतीनला घर गाठलं.

बायको खिडकीशी खुर्चीत बसून जप करत होती. दुपारची ही तिची वेळ. ओठ हलत होते, बोटांतून मणी सरकत होते. बुवा दाराजवळच्या स्टुलावर बसले आणि बुटाची नाडी सोडायला वाकले. गुडघा कट्‌कन वाजला.

"दूध वर आलं बघा," बायको डोळे न उघडता म्हणाली. मणी सरकतच होते.

बुवा लंगडत आत गेले, गॅस बंद करून आले. "जप चाललाय ना तुझा?"

"चाललाय."

"मग दूध कुठून कळलं?"

"जीभ तिकडे आहे, नाक इकडे आहे."

"आणि देवाला चालतं ते?"

"चालत नसेल. पण त्याला सवय आहे," ती म्हणाली आणि एक डोळा उघडून तिने त्यांच्या पायाकडे पाहिलं. "फार वाजला हो आत्ता. सकाळपासून असाच का?"

"नाही गं. सकाळी बरा होता. नऊ नंबरच्या गल्लीत तर मेला दुखलासुद्धा..."

ते थांबले. नाडी हातात तशीच राहिली.

नऊ नंबरच्या गल्लीत खण एकतीस हा अगदी तळाचा. त्यातला माल घ्यायचा तर गुडघा टेकल्याशिवाय गत्यंतर नाही. बुवांना ते पक्कं माहीत होतं, कारण त्या खणाचं नाव बाईने घेतलं की त्यांचा हात आधीच गुडघ्याकडे जायचा. आज साडेबाराच्या सुमाराला तिने ते घेतलं होतं. "गल्ली नऊ, खण एकतीस." त्यांनी चालता चालताच म्हटलं होतं, "पाऽच दोऽन." तिने म्हटलं होतं, "चार घ्या." त्यांनी चार घेतल्या होत्या. आणि गुडघा दुखला नव्हता.

"अहो, काय झालं?"

"मी वाकलोच नाही," बुवा म्हणाले.

"कुठे?"

त्यांनी सांगितलं. एकतीसमध्ये फिट येणाऱ्या मुलांना द्यायचं पातळ औषध असतं, निळ्या पट्टीचं. त्याच्या बरोबर वर, कमरेच्या उंचीला, खण बत्तीस. त्यात तेच औषध मोठ्यांसाठी, जांभळ्या पट्टीचं. तीच कंपनी, तोच खोका, तेवढीच बाटली. वाकलो नाही म्हणजे हात वरच्या खणात गेला.

"वाकलाही असाल. आठवत नसेल."

"आठवायला कशाला हवं? या गुडघ्याला विसरता येत नाही."

बायकोची बोटं एका मण्यावर थांबली. "मोठ्यांचं किती कडक असतं?"

"चौपट."

"दवाखान्यात नर्स बघेलच की देण्याआधी."

"बघेल," बुवा म्हणाले. "मी पण बघणारच होतो."

बुवांनी फोन काढला. सुपरवायझर मॅडमचा फोन गोदामात शिरताना कपाटात ठेवावा लागतो, तसा सगळ्यांचाच, म्हणून तो वाजत राहिला. मग कार्यालयाचा नंबर. तिथे एक दुसरी बाई होती, कानातल्या बाईची सख्खी बहीण शोभेल अशी.

"नमस्कार. आपल्याला कोणती मदत हवी आहे ते आपल्या शब्दांत सांगा."

बुवांनी आपल्या शब्दांत सांगितलं. मुलांच्या औषधाऐवजी मोठ्यांचं गेलंय, चार बाटल्या, आज दुपारच्या गाडीने, कुठल्या दवाखान्यात ते माहीत नाही, ताबडतोब थांबवा.

"आपण सांगितलंत की मुलांच्या औषधाऐवजी प्रौढांचं औषध पाठवलं गेलं आहे, चार नग, आजची तारीख. बरोबर आहे का?"

"बरोबर आहे."

"धन्यवाद. आपली तक्रार नोंदवली आहे. अठ्ठेचाळीस तासांत आमचे प्रतिनिधी आपल्याशी संपर्क साधतील."

"बाई, माणूस द्या कोणीतरी."

"आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत. आपली तक्रार नोंदवली आहे."

बुवांनी फोन खाली ठेवला. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. एकही शब्द तिने इकडचा तिकडे केला नव्हता. तिला सगळं समजलं होतं, फक्त घाई समजली नव्हती.

ते पुन्हा स्टुलावर बसले आणि सोडलेली नाडी बांधू लागले. बायको उठून जवळ आली, खाली बसली आणि तिने ती त्यांच्या हातातून घेतली.

"गेलात तर काय होईल?" तिने नाडी बांधता बांधता विचारलं.

"आकडे न वाचता म्हटले असं सांगावं लागेल. त्याला घरी बसवतात. मागच्या वर्षी एकाला बसवलं. अडीच वर्षं राहिलीत माझी."

"आणि नाही गेलात तर?"

"नाही गेलो तर काही नाही. यंत्रात सगळं बरोबर आहे. मी बरोबर आकडे म्हटलेत."

तिने गाठ मारली आणि त्या बुटावर हात तसाच ठेवून क्षणभर बसली. "दूध झाकून ठेवते," ती म्हणाली. "आल्यावर चहा करू."

बस त्याच रस्त्याने उलटी गेली. सकाळी झोपेत जाणारा रस्ता, दुपारी झोपेत येणारा रस्ता, बुवांनी आज पहिल्यांदा जागेपणी पाहिला. सिग्नलला बस थांबली की ते मनात देवाचं नाव घेऊ लागत, आणि दोनदा म्हटलं की त्याच्या जागी आकडेच यायला लागत. आठ एक. तीन सात. पाच दोन. नाव घ्यायला गेलं की आकडे येतात, एवढी जिभेने आपली सोय करून घेतली होती. शेवटी त्यांनी दोन्ही सोडलं आणि पुढच्या सीटच्या दांडीला धरून नुसते बसून राहिले.

सुपरवायझर मॅडम काचेच्या खोलीत होत्या. वयाने बुवांच्या मुलीएवढ्या, पण डोळ्यांखाली काळं त्यांच्याइतकंच. बुवांना या वेळी दारात पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली.

"काय हो बुवा, घरी करमेना का?"

बुवांनी बसल्या बसल्या सांगितलं. मॅडमनी पडद्यावर शोधलं. "हे बघा. बारा वाजून चौतीस मिनिटं. गल्ली नऊ, खण एकतीस. खूण पाच दोन, तुम्ही म्हणालात पाच दोन. चार घ्या, चार. सगळं हिरवं आहे. कशाला जिवाला घोर लावून घेता?"

"ऐकवता का?"

मॅडमनी बटण दाबलं. खोलीत बुवांचा आवाज आला. "पाऽच दोऽन." त्यांनी तो असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. गोड होता, अगदी बिनचूक होता, आणि आत कोणी नव्हतं. रिकाम्या घरात पंखा फिरत राहावा तसा.

"यात मी नाही, मॅडम," ते म्हणाले. "मी तेव्हा गल्लीच्या तोंडाशी होतो. लेबल बघितलं नाही. मला पाठ आहे ते."

मॅडमनी काचेबाहेर पाहिलं, उठून दार लावलं आणि परत येऊन बसल्या. "हे मी ऐकलं नाही असं समजू का?"

"समजा. पण आधी मोजून बघू."

दोघं नऊ नंबरच्या गल्लीत गेले. यंत्राच्या हिशेबाने एकतीसमध्ये छत्तीस बाटल्या हव्या होत्या. बुवांनी शेल्फाला धरून गुडघा टेकला, आणि या खेपेला तो दुखला. त्यांनी एकेक बाटली बाहेर काढून मोजली, मॅडम उभ्याने त्यांच्याबरोबर मोजत होत्या. चाळीस भरल्या. वरच्या खणात चार कमी.

मॅडमनी वर काही न विचारता खोलीकडे पळत जाऊन फोन उचलला. ऑर्डर नंबरावरून दवाखाना सापडला. औषधभांडारातल्या बाईंनी फोन घेतला. गाडी तासाभरापूर्वी येऊन गेली होती. माल लावून झाला होता.

"थांबा, बघून येते," त्या म्हणाल्या आणि फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

बुवा उभे होते. मॅडम बसा म्हणाल्या नाहीत आणि त्यांना बसायचं सुचलं नाही. फोनमधून दूरची पावलं, एक कपाट, कोणाचं तरी खोकणं. भिंतीवरचं घड्याळ साडेचारच्या पुढे सरकलं. इथे बुवांना आकडे आठवले नाहीत, नावही आठवलं नाही. नुसतं 'बघ रे बाबा, बघ रे बाबा' एवढंच आत चाललं होतं, आणि ते कोणाला उद्देशून होतं ते सांगायला नको.

"हॅलो," बाई परत आल्या. त्यांना धाप लागली होती. "तीन कपाटात होत्या. चौथी मुलांच्या वॉर्डात गेली होती. सील फोडलेलं नाही. सहाच्या डोसला काढून ठेवली होती. चारही आणल्या मी. जांभळी पट्टी आहे."

"त्या बाजूला ठेवा. दुसऱ्या पाठवते, आत्ता निघेल माणूस."

"तुमच्याकडे बघून देत नाहीत का हो?"

मॅडम बुवांकडे बघत म्हणाल्या, "देतात." आणि फोन ठेवला.

बुवा आता बसले. काचेबाहेरून लंबू येऊन वाकून बघून गेला. तो आज दुपारच्या पाळीलाही थांबला होता.

"आता लिहायचं काय?" मॅडमनी विचारलं. आवाज हळू होता. "फोन केला म्हणजे कारण द्यावं लागणार. यंत्र म्हणतंय तुम्ही बरोबर खणासमोर होतात. तुम्ही बरोबर असाल तर बाटल्या आधीच चुकीच्या खणात होत्या असं होतं. म्हणजे भरणाऱ्याची चूक. तसं लिहिलं तर तुमच्यावर येत नाही."

"भरणारा म्हणजे लंबू."

"हो. त्याला एक ताकीद मिळेल, बाकी काही नाही. त्याचं वय आहे, तो निभावेल."

बुवांनी काचेतून पाहिलं. लंबू शिडीवर चढत होता, सुरात काहीतरी गुणगुणत.

"नको," ते म्हणाले. "माझं मला सांगू द्या."

घटना नोंदवायलाही तिथे बोलायचंच होतं. मॅडमनी पडद्यावर माइकची खूण दाबून तो त्यांच्याकडे वळवला. "आपल्या भाषेत सांगा. ते लिहून घेतं."

बुवा बोलले. घसा खाकरून, आधी सुरात आणि मग भान येऊन सरळ. गुडघ्याचं सांगितलं. तळाच्या खणाशी दोनदा वाकायला लागू नये म्हणून आकडे चालताना म्हणायची सवय लागली हे सांगितलं. सहावा दिवस होता हे सांगितलं, पण त्याचा दोष देत नाही हेही सांगितलं. नऊशे साठ खण पाठ होते आणि त्याचा आपल्याला गर्व होता, एवढंही त्यांनी त्या यंत्रापाशी सांगून टाकलं. बायकोलासुद्धा ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. चार मिनिटं लागली. माणसासमोर एवढा वेळ ते वर्षभरात बोलले नसतील.

यंत्राने क्षणभर विचार केला आणि पडद्यावर एक ओळ उमटली. 'कर्मचाऱ्याने लेबल न वाचता खुणेचे आकडे उच्चारले व लगतच्या खणातील माल घेतला.'

बुवांनी चष्मा सावरून ती वाचली. "गुडघ्याचं राहिलं," ते म्हणाले.

"ते सारांश घेतं," मॅडम म्हणाल्या.

"असू दे. खोटं काही नाही त्यात."

मॅडमनी कीबोर्ड पुढे ओढला. हे त्या बोलल्या नाहीत, दोन बोटांनी टाइप करत गेल्या, आणि बुवांना दिसेल अशा बेताने पडदा तसाच राहू दिला. 'लेबलं चौदा महिने बदललेली नाहीत. नियम तीन महिन्यांचा आहे. ती जबाबदारी माझी होती.' मग त्यांनी पाठवून दिलं आणि डोळे चोळले.

"हे कशाला लिहिलंत?" बुवांनी विचारलं. "तुमची तर अजून किती वर्षं जायचीत."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. "जा आता घरी. वरून काय यायचं ते चार-सहा दिवसांनी येईल. तोवर हेडफोन नाही. पण उद्या या."

घरी दूध झाकलेलं होतं. बायकोने त्यांच्या चेहऱ्याकडे बघून गॅस पेटवला. "सापडल्या," बुवा म्हणाले, "चारही." ती हं म्हणाली, आणि पातेल्याकडे तोंड करून उभी राहिली ती चहा उकळून उकळून निम्मा होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी त्यांच्या हातात नव्या लेबलांची गुंडाळी ठेवली. नऊशे साठ. जुनं खरवडून काढायचं, नवं चिकटवायचं. प्रत्येक खण, वरचा शिडीवरून, खालचा बसून.

"पाठ करू नका," मॅडम म्हणाल्या. हसल्या नाहीत, पण अगदी कोरड्याही नव्हत्या.

बुवा कामाला लागले. पात्याने लेबल उचकटताना प्रत्येक जुना आकडा एकदा डोळ्यांसमोर यायचा, आणि ओळखीचा माणूस रस्त्यात भेटावा तसं व्हायचं. मग तो चिकट चुरा होऊन खाली पडायचा. बाकीचे लोक आज अडखळत होते. गल्ल्यागल्ल्यांतून "आकडे चुकले, पुन्हा सांगा" चाललेलं असणार, ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. पाटीवर बरीच नावं लाल झाली होती. कोणी बुवांकडे रागाने पाहिलं, कोणी पाहिलं नाही.

अकराच्या सुमाराला ते नऊ नंबरच्या गल्लीत पोचले. एकतीसपाशी त्यांनी आधी एक पुठ्ठा अंथरला, मग शेल्फाला धरून उजवा गुडघा टेकला. कट्‌. पाच दोन खरवडायला वेळ लागला, तळाचं लेबल ओलसर फडक्याने पुसून पुसून घट्ट बसलं होतं. नवं लावलं. अंगठ्याने चारही कोपरे दाबले.

"बुवा," वरून लंबूचा आवाज आला. त्याला काल काय झालं ते कळलं होतं की नाही, त्याच्या आवाजावरून समजत नव्हतं. "आज मौन का? गाणं नाही, काही नाही. गल्ली सुनी सुनी वाटते."

"घसा बसलाय."

"बरं, एवढं तरी सांगा. नऊ-एकतीस किती झालं?"

बुवांनी समोर पाहिलं. नवे आकडे डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते. ते वाचायला त्यांना चष्मा नाकावर खाली घ्यावा लागला, मान मागे न्यावी लागली, आणि वाचून झाल्यावर त्यांनी लेबलावर तळहात ठेवला.

"खाली उतर," ते म्हणाले, "आणि वाकून बघ."